इंडियानापोलिस : जहाज आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही

डोलकाठी

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदलाच्या यूएसएस इंडियानापोलिसचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, या जहाजाने हिरोशिमाच्या बॉम्बचे भाग पोचवले. दोन, ते बुडाल्यावर शार्कनी माणसं खाल्ली. दोन्ही खरं आहे. पण मला या प्रकरणातली तिसरीच गोष्ट जास्त छळते. जवळपास दहा हजार टनांची क्रूझर, तिच्यावर ११९५ माणसं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बंदरात आली नाही, आणि बंदरातल्या एकाही माणसाने "अरे, ती कुठंय?" असं विचारलं नाही. धागा त्यासाठी काढतोय.

आधी थोडक्यात घटनाक्रम. जहाज १९३२ सालचं. अ‍ॅडमिरल स्प्रुअन्स यांचं ध्वजजहाज. मार्च १९४५ च्या अखेरीस ओकिनावाजवळ एक कामिकाझे, म्हणजे आत्मघाती जपानी विमान येऊन आदळलं, नऊ जण गेले, जहाज दुरुस्तीला कॅलिफोर्नियात मेअर आयलंडला आलं. दुरुस्ती उरकते न उरकते तोच कप्तान चार्ल्स मॅकवे यांना हुकूम मिळाला : एक मोठा खोका आणि एक छोटा जड डबा पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर पोचवायचा, वाटेत वेळ घालवायचा नाही. आत काय आहे ते कप्तानालाही सांगितलेलं नव्हतं. डब्यात युरेनियम होतं. १६ जुलैला, म्हणजे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली त्याच दिवशी, जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि २६ जुलैला टिनियनला माल उतरवून मोकळं झालं. तिथून ग्वाम, आणि २८ जुलैला ग्वामहून फिलिपिन्समधल्या लेतेकडे. सरावासाठी. म्हणजे जोखमीचं काम संपलेलं होतं, हा नुसता बदलीचा प्रवास.

क्रूझरला पाणबुडी हुडकणारी सोनार यंत्रणा नव्हती. ते काम सोबतच्या विनाशिकांचं. मॅकवे यांनी सोबतीबद्दल विचारलं तेव्हा गरज नाही असं उत्तर आलं.

२९ च्या रात्री आभाळ भरलेलं होतं. दिसत नाही म्हणून मॅकवे यांनी नागमोडी चाल (पाणबुडीचा नेम चुकावा म्हणून सतत दिशा बदलत जाणं) थांबवून जहाज सरळ नेण्याची परवानगी दिली. तसा अधिकार त्यांना लेखी हुकमातच दिलेला होता. पुढे जपानी पाणबुडी आय-५८ नुकतीच पाण्यावर आली होती. ढग फाटले, चंद्र निघाला, आणि क्षितिजावरचा काळा ठिपका पाणबुडीवरल्यांना दिसला. कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यांनी सहा पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. ३० जुलैला मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असतील, दोन लागले. पहिल्याने नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोकच उडवलं, दुसरा मधोमध, इंधन आणि दारूगोळ्याच्या जवळ. वीज गेली. ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकतात त्या जागेवरून, इंजिनखोलीला "थांबवा" सांगायची सोयच उरली नाही, त्यामुळे इंजिनं चालूच राहिली आणि नाळ तुटलेलं जहाज स्वतःच्याच वेगाने समुद्र आत भरून घेत राहिलं. उकाड्यामुळे आतले दरवाजे उघडे ठेवलेले होते, पाण्याला अडवणार काय? जहाज सोडण्याचा हुकूम तोंडातोंडी फिरवावा लागला. बारा मिनिटांत सगळं संपलं.

सुमारे तीनशे जण जहाजाबरोबर गेले. उरलेले जवळपास नऊशे पाण्यात. होड्या खाली सोडायला वेळच मिळाला नव्हता. काही तराफे सुटले, काही जाळ्या, आणि बहुतेकांच्या अंगावर फक्त कापोकचं (सावरीसारख्या कापसाचं) लाइफ जॅकेट. कित्येकांकडे तेही नाही. वर सगळीकडे काळं इंधनतेल, त्याने डोळे जळतायत, पोटात गेलं की उलट्या. वाऱ्याने आणि प्रवाहाने टोळकी मैलोगणती पांगली. कप्तान मॅकवे एका लहान गटाबरोबर तराफ्यांवर होते आणि त्यांना बराच काळ वाटत होतं की वाचलो ते आपण एवढेच.

आता माझा मुद्दा. जहाज ३१ जुलैला सकाळी लेतेला अपेक्षित होतं. लेतेवरच्या टॅक्लोबानच्या बंदर कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा फलक असायचा. नौदलाचं एक परिपत्रक होतं की लढाऊ जहाजं बंदरात पोचल्याची खबर कळवायची नाही. गुप्ततेसाठी. त्याचा अर्थ कचेऱ्यांनी असा लावला की मग ती न पोचल्याचीही खबर कळवायची नाही. ज्या ताफ्याबरोबर तिने सराव करायचा होता त्यांच्याकडे गेलेला संदेश नीट उलगडला गेला नाही, त्यामुळे ती येतेय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ग्वामला वाटलं ती लेतेच्या हद्दीत गेली. लेतेला वाटलं तिला मधेच दुसरीकडे वळवलं असेल. वेळ झाल्यावर फलकावर ती आल्याचं गृहीत धरलं गेलं, आणि कागदोपत्री इंडियानापोलिस बंदरात सुखरूप नांगर टाकून उभी राहिली. माणसं तेव्हा समुद्रात दुसऱ्या दिवसाची उन्हं खात होती.

खडूस_काका

लेख चांगला, पण शार्कचा भाग दोन ओळींतही नाही? लोक त्यासाठीच वाचतात राव.

डोलकाठी

काका, मुद्दामच टाळला. शार्क होते. मुख्यतः खोल समुद्रातले, पांढऱ्या टोकाच्या परांचे. आधी मेलेल्यांकडे आले, मग गटापासून सुटलेल्या एकट्यादुकट्याकडे. म्हणून माणसं हात गुंफून गोल करून राहायची. किती जण शार्कने नेले याची मोजदाद कुणीच केलेली नाही, कारण करणार कोण? पण वाचलेल्यांच्या जबान्या वाचल्या तर मरणाची मोठी कारणं वेगळीच दिसतात : तहान, ऊन, रात्रीचा गारठा, जखमा, आणि खारं पाणी. मोठा मासा सांगायला सोपा असतो. बंदरातला फलक सांगायला कंटाळवाणा.

कडूनिंब

खाऱ्या पाण्याचं थोडं मी सांगते, माझ्या विषयातलं आहे.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ. आपली मूत्रपिंडं तितकं दाट मूत्र करूच शकत नाहीत. म्हणजे एक पेला प्यायलात तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला पेल्याहून जास्त पाणी शरीरातून जातं. तहान भागत नाही, वाढते. माणूस आणखी पितो. रक्तातलं सोडियम चढत जातं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, मेंदूच्याही. मग भ्रम, आचके, बेशुद्धी.

जहाजाचे डॉक्टर लुईस हेन्स वाचले आणि त्यांनी पुढे हे सगळं सांगून ठेवलंय. ते पोहत पोहत एका टोळक्याकडून दुसऱ्याकडे जात, पाणी पिऊ नका म्हणून ओरडत. औषध काही नव्हतंच. त्यांचं उरलेलं काम म्हणजे कोण गेलं ते ठरवणं. डोळ्याच्या बाहुलीला बोट लावायचं, पापणी हलली नाही की जॅकेटच्या गाठी सोडायच्या, प्रार्थना म्हणायची, आणि देह जाऊ द्यायचा. जॅकेट दुसऱ्या कुणाला द्यायचं. तेलाने आणि पाण्याने फुगलेल्या त्या गाठी सोडवणं सुजलेल्या बोटांनी किती अवघड असेल याचा विचार करा. कापोकची जॅकेटं दोनेक दिवसांनंतर पाणी प्यायला लागतात, तरंगण्याचा जोर कमी होत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसाची हनुवटी पाण्याला टेकलेली असते.

भ्रमाचं एक विलक्षण उदाहरण : काहींची खात्री पटली की जहाज बुडालेलंच नाही, इथेच पायाखाली आहे आणि आत गोड पाण्याचा नळ चालू आहे. एकाने सांगितलं की दुसऱ्यालाही ते दिसायचं. बुडी मारून जायचे, पोटभर समुद्र पिऊन वर यायचे आणि इतरांना सांगायचे की पाणी गोड आहे. कुणाला बेट दिसायचं. रात्री शेजारच्यालाच जपानी समजून मारामाऱ्या झाल्या, सुरे निघाले. आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना धरून ठेवणारी हीच माणसं.

निवांत_पाखरू

कडूनिंबताई, प्रतिसाद वाचून घशाला कोरड पडली. त्यांच्याबरोबर पाद्रीही होते ना?

कडूनिंब

हो, फादर थॉमस कॉनवे. तेही असेच टोळक्याटोळक्यांत पोहत फिरले, मरणाऱ्यांजवळ थांबले. स्वतः वाचले नाहीत.

रेडिओवाला

दोन भर घालतो.

पहिली, मदतीची हाक. जहाजावरच्या बिनतारी खोलीतून संदेश पाठवण्याचा प्रयत्न झाला हे नक्की. वीज तुटलेली असताना तो प्रत्यक्ष हवेत गेला का, यावर आजही वाद आहे. नौदलाच्या नोंदीत तो मिळाल्याचं नाही. पुढे काही जणांनी सांगितलं की आमच्या ठाण्यावर ऐकला होता पण वरिष्ठांनी दुर्लक्ष केलं. दोन्ही बाजू ठाम आहेत.

दुसरी मला त्याहून भयंकर वाटते. हाशिमोतोने आपल्या मुख्यालयाला कळवलं की मी एक मोठं जहाज बुडवलं. हा जपानी संदेश अमेरिकनांनी पकडला आणि उलगडलासुद्धा! पण त्यात जहाजाचं वर्णन क्रूझरहून मोठी युद्धनौका (बॅटलशिप) असं फुगवून केलेलं होतं, आणि जपानी असे दावे नेहमीच करतात म्हणून तो बाजूला पडला. म्हणजे मारणारा सांगतोय की मी मारलं, आणि ज्याचं मेलं तो म्हणतोय थापा मारतोस.

सांजवारा

सगळे कप्तानाच्या बाजूने झुकणार असं दिसतंय, म्हणून उलटी बाजू मांडतो. जहाज कप्तानाचं असतं. नागमोडी चाल त्याने थांबवली. हुकमात "तुमच्या विवेकाने" असं लिहिलं असेल तर विवेक चुकला त्याची जबाबदारीही त्याचीच. नौदलात हा नियम कडक नसेल तर उद्या कुणीही "आभाळ भरलं होतं" म्हणेल. कोर्ट मार्शल झालं यात मला अन्याय दिसत नाही.

डोलकाठी

सांजवारा, तत्त्व म्हणून मान्य. पण विवेक वापरायला माहिती लागते, आणि माहिती कुणाकडे होती ते बघा.

अमेरिकन गुप्तवार्ता विभागाने जपानी सांकेतिक संदेश फोडलेले होते. त्या भागात आय-५८ सकट जपानी पाणबुड्या फिरतायत हे ग्वामला मोजक्या लोकांना ठाऊक होतं. २४ जुलैला, म्हणजे मॅकवे निघाले त्याच्या चारच दिवस आधी, यूएसएस अंडरहिल हे जहाज फिलिपिन्सच्या समुद्रात कैतेन नावाच्या मानवी पाणतीराने बुडवलं होतं. मॅकवे यांना यातलं काहीही सांगितलं नाही. संकेत फोडल्याचं गुपित फुटू नये म्हणून. युद्धाच्या हिशेबात ते गुपित जपणं बरोबरही असेल, पण मग ज्याच्यापासून लपवलं त्यालाच बेसावध राहिला म्हणून आरोपी कसं करता?

आता खटला. डिसेंबर १९४५, वॉशिंग्टन. दोन आरोप : नागमोडी न जाऊन जहाज धोक्यात घातलं, आणि जहाज सोडण्याचा हुकूम वेळेवर दिला नाही. दुसऱ्यातून सुटले, पहिल्यात दोषी. या खटल्यात साक्षीला नौदलाने कुणाला आणलं असेल? हाशिमोतोला. युद्ध संपून चार महिने झालेले नाहीत, आणि शत्रूच्या पाणबुडीचा कप्तान अमेरिकन कप्तानाच्या विरुद्ध साक्षीला. त्याने सांगितलं की जहाज नागमोडी गेलं असतं तरी फरक पडला नसता, मी बुडवलंच असतं. अमेरिकेच्याच एका अनुभवी पाणबुडी कप्तानानेही नागमोडीच्या उपयोगाबद्दल जवळपास तेच सांगितलं. तरी निकाल दोषी.

न्यायाधीशांनीच दयेची शिफारस केली, शिक्षा माफ झाली, मॅकवे पुन्हा कामावर घेतले गेले आणि १९४९ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाले. पण दोषाचा शिक्का कायम. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यात जहाज गेलं म्हणून कोर्ट मार्शल झालेला अमेरिकन नौदलातला हा एकटाच कप्तान. लेतेकडच्या चार अधिकाऱ्यांना ठपक्याची पत्रं गेली होती, ती पुढे मागे घेतली गेली. कप्तानाचा शिक्का मात्र कुणी पुसला नाही.

सांजवारा

ग्वामने लपवलं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते लपवणं आणि नागमोडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुम्ही एकात कालवताय. हाशिमोतोचं "फरक पडला नसता" हे जिंकणाऱ्याचं बोलणं. सहापैकी दोनच लागले ना? वळणात एखादा चुकला असता तर जहाज कदाचित तरंगलं असतं. बारा मिनिटांऐवजी तासभर मिळाला असता तर होड्या उतरल्या असत्या. बाकी लेतेच्या कारकुनीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तिथे वाद नाही.

आगाऊ_मुलगी

मला एक कळलं नाही. जहाज बुडालं ३० ला, माणसं सापडली २ ऑगस्टला. मग सापडली कशी, कुणी शोधतच नव्हतं तर?

डोलकाठी

निव्वळ नशीब. विल्बर ग्विन नावाचा तरुण लेफ्टनंट नेहमीच्या पाणबुडीविरोधी गस्तीवर विमान घेऊन निघाला होता. विमानामागे सोडायची लांब अँटेना त्रास देत होती, ती बघायला तो मागे गेला, आणि तिथून सहज खाली नजर गेली तर पाण्यावर तेलाचा पट्टा. त्याला वाटलं पाणबुडी. बॉम्ब टाकायच्या तयारीने विमान खाली आणलं, तर तेलात डोकी. आधी थोडी, मग जिकडे बघावं तिकडे. अँटेना नीट असती तर?

त्याचा संदेश मिळाल्यावर पेलेलिऊ बेटावरून लेफ्टनंट एड्रियन मार्क्स आपलं कॅटलिना, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान घेऊन आला. उघड्या समुद्रात उतरायला मनाई होती. वरून त्याने शार्क माणसांवर जाताना पाहिले, सोबतच्यांना विचारलं, आणि उतरला. लाटा विमानाच्या बेतापेक्षा कितीतरी मोठ्या, सांधे निखळले. गटात असलेल्यांना त्याने मुद्दाम मागे ठेवलं आणि एकटे तरंगणारे आधी उचलले, कारण ते रात्र काढणार नव्हते. आत जागा संपल्यावर माणसं पंखांवर ठेवली आणि पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. एकूण ५६. त्यानंतर विमान उडणं शक्यच नव्हतं. ते तसंच रात्रभर डुलत राहिलं, माणसं घेऊन.

खडूस_काका

पंखांवर ५६ माणसं बांधलेलं विमान?

डोलकाठी

सगळी पंखांवर नाही काका, आत भरली तेवढी भरून उरलेली वर. दुसऱ्या दिवशी ते विमान इतकं खिळखिळं झालं होतं की सगळे उतरवून घेतल्यावर आपल्याच जहाजाने तोफा डागून ते बुडवलं.

रेडिओवाला

त्या जहाजाबद्दलही लिहा, नाहीतर मी लिहितो. यूएसएस सेसिल जे. डॉइल. कप्तान ग्रॅहम क्लेटर. मार्क्सने वाटेत वरून जाताना त्याला बिनतारीवर कळवलं. क्लेटरने हुकमाची वाट न बघता जहाज वळवलं. हुकूम नंतर आला. आणि मध्यरात्रीच्या सुमाराला जवळ आल्यावर त्याने सर्चलाइट लावला, सरळ वर, ढगांवर. पाणबुड्यांच्या पाण्यात, युद्धाच्या काळात, संपूर्ण अंधार पाळायचा असताना. पाण्यातल्या माणसांना कळावं की कुणीतरी आलंय, एवढ्याचसाठी. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे सांगितलंय की तो प्रकाश दिसला म्हणून आम्ही सकाळपर्यंत टिकलो.

मला या प्रकरणात ग्विन, मार्क्स आणि क्लेटर हे तिघे एका ओळीत दिसतात. मार्क्सने मनाई मोडली, क्लेटरने हुकूम यायच्या आधीच वाट बदलली. आणि लेतेला सगळ्यांनी परिपत्रक पाळलं.

सांजवारा

हे वाक्य ऐकायला छान आहे, पण परिपत्रकात न पोचल्याची खबर देऊ नका असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लेतेने ते पाळलंही नाही, आपल्या सोयीने वाढवलं.

रेडिओवाला

+१. हे जास्त बरोबर आहे.

निवांत_पाखरू

अवांतर : आपल्याकडची खुकरी आठवली. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजाबरोबर गेले, मरणोत्तर महावीर चक्र. तिथे निदान सोबतच्या जहाजांना लगेच कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छल वाचलेल्यांना घेऊन आली. सोबत असणं आणि नसणं यातला फरक इथे दिसतो.

डोलकाठी

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. खुकरीवर वेगळा धागा काढा, नक्की वाचेन.

आगाऊ_मुलगी

आणि मॅकवे यांचं पुढे काय झालं? निवृत्त झाले तिथे थांबलात तुम्ही.

डोलकाठी

एकूण वाचले ३१६. गेले ८७९. ही बातमी अमेरिकेत जाहीर झाली ती जपानच्या शरणागतीच्या बातमीबरोबरच, त्यामुळे विजयाच्या जल्लोषात ती दबली. पण ज्या घरांत तारा गेल्या त्यांना जल्लोष नव्हता. मॅकवे यांना त्या घरांतून वर्षानुवर्षं पत्रं येत राहिली, नाताळच्या दिवसांतसुद्धा, आमचा मुलगा तुम्ही मारलात म्हणून. ६ नोव्हेंबर १९६८ ला त्यांनी स्वतःच्या पिस्तुलाने जीव दिला.

वाचलेले खलाशी मात्र पहिल्यापासून त्यांच्या बाजूने होते. १९६० पासून त्यांचे मेळावे भरू लागले आणि कप्तानाचं नाव स्वच्छ करा ही मागणी त्यांनी सोडली नाही. नौदल ढिम्म. मग १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्या हंटर स्कॉट नावाच्या बारा वर्षांच्या शाळकरी मुलाने इतिहासाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला, वाचलेल्यांना गाठून प्रश्न विचारले, कागद जमवले, आणि प्रकरण पुन्हा वर आलं. पुढे अमेरिकन काँग्रेससमोर त्याची साक्ष झाली. ऑक्टोबर २००० मध्ये काँग्रेसने ठराव केला की जहाज गेल्याबद्दल मॅकवे दोषी नाहीत, आणि जुलै २००१ मध्ये नौदलाच्या सचिवांनी त्यांच्या सेवापुस्तकात तशी नोंद करायला सांगितली.

हाशिमोतो युद्धानंतर शिंतो पुजारी झाले होते. १९९९ मध्ये त्यांनी सिनेटर जॉन वॉर्नर यांना पत्र लिहिलं. आशय असा, की आपल्या दोन्ही देशांनी एकमेकांना माफ केलं, आता तुमच्या लोकांनी मॅकवे यांनाही करावं. ऑक्टोबर २००० मध्येच, ठराव झाला त्याच महिन्यात, हाशिमोतो वारले.

सांजवारा

पत्राबद्दल माहीत होतं. पण काँग्रेसचा ठराव म्हणजे खटल्याचा निकाल रद्द नव्हे, हे धाग्यात स्पष्ट असायला हवं. कोर्ट मार्शलचा निकाल कागदावर तसाच आहे, शेजारी ही नोंद जोडली गेली इतकंच.

डोलकाठी

बरोबर. निकाल उलटवला नाही.

कडूनिंब

जहाज मिळालं का कधी?

रेडिओवाला

१९ ऑगस्ट २०१७ ला. पॉल अ‍ॅलन (मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक) यांच्या पेट्रेल या शोधजहाजाला, फिलिपिन्सच्या समुद्रात साडेपाच हजार मीटर खोलीवर. इतकी वर्षं मिळत नव्हतं कारण शोधायची जागाच नक्की नव्हती. मग नौदलाच्या एका इतिहासकाराला एलएसटी-७७९ या साध्या वाहतूक जहाजाची नोंद सापडली, ते बुडण्याच्या सुमारे अकरा तास आधी इंडियानापोलिसच्या जवळून गेलं होतं. त्यावरून शोधाचा चौकोन पश्चिमेकडे सरकवला आणि तिथे ती निघाली. जहाजावर रंगवलेला तिचा क्रमांक, ३५, अजून वाचता येतो. नौदल त्याला युद्धसमाधी मानतं, म्हणून नेमके अक्षांश-रेखांश जाहीर केलेले नाहीत आणि पाणबुड्यांना तिथे फिरकायची परवानगी नाही.

खडूस_काका

पाणबुड्यांना की पाणबुड्या माणसांना? साडेपाच हजार मीटरवर कोण जातंय बुडी मारून?

रेडिओवाला

यंत्रं पाठवणाऱ्यांना, काका.